पॅडल ओढलं म्हणून गाडी मॅन्युअल होत नाही

स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात, त्यांना पॅडल म्हणतात. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. स्पोर्ट्स कार घेऊन वळणावळणाच्या रस्त्यावर जाऊन आलेला माणूस हौसेने सांगतो, "सगळी मॅन्युअलवर चालवली." डॅशबोर्डवर ‘एम’ हे अक्षरही उमटलेलं असतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड जातं. पण त्याच्या डाव्या पायाला विचारा. तो सबंध वेळ बसून होता.

गोंधळ होतो कारण आपण तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबतो. गिअर कोणता हवा हे कोण ठरवतं? क्लच कोण दाबतं? आणि गिअरबॉक्सच्या डब्याच्या आत नेमकं आहे काय? साध्या गाड्यांत या तिन्हींची उत्तरं सहसा एकाच बाजूला पडायची, म्हणून ‘मॅन्युअल’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हे दोन शब्द पुरायचे. महागड्या आणि वेगवान गाड्यांनी मात्र या उत्तरांची इतकी सरमिसळ केली आहे की नावावरून आतलं काहीच कळत नाही.

आधी आत डोकावू. मॅन्युअलमध्ये इंजिनाला लागून क्लच प्लेट आणि तिच्यामागे शाफ्टवर बसवलेल्या दातेरी चक्रांच्या जोड्या असतात. पुढच्या गिअरांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण लिव्हर सरकवतो तेव्हा दाते दात्यांत घुसत नाहीत. कोणती जोडी शाफ्टशी बांधायची एवढंच ठरतं. बांधण्याआधी दोघांचा वेग जुळवून देणारी रिंग म्हणजे सिंक्रोनायझर. कॅडिलॅकने ही सोय १९२८ मध्ये आणली. त्याआधी दोनदा क्लच दाबून, मधे रेस देऊन, कानाने वेग जुळवावा लागे. चुकलं की सगळ्या गल्लीला कळायचं.

या रचनेत एक फट आहे आणि पुढची सगळी कथा त्या फटीभोवती फिरते. क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. सराईत हाताला गिअर बदलायला अर्धा सेकंद धरला, तरी ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात सुमारे १४ मीटर जाते, आणि ते १४ मीटर तिच्यामागे कुणाचाही जोर नसतो.

खरा ऑटोमॅटिक ही फट वेगळ्याच मार्गाने बुजवतो. गाडी ‘डी’मध्ये ब्रेकवर उभी आहे, इंजिन चालू आहे, तरी ते बंद पडत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घट्ट जोडणी नाही, मधे तेल आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचं पातं तेल फेकतं, ते तेल समोरच्या पात्याला ढकलतं, आणि मधलं तिसरं पातं परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतं. त्या तिसऱ्या पात्यामुळे जागेवरून हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. जड गाडी लोण्यासारखी निघते ती त्यामुळे. कन्व्हर्टरच्या मागे दोन शाफ्टांची उतरंड नसते, ग्रहमाला असते: मधे सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रं, बाहेरून कडं. यातलं कोणतं धरून ठेवायचं आणि कोणतं फिरू द्यायचं यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम आतल्या छोट्या क्लचेसचं. एक हळूहळू सोडत असतानाच दुसरा पकडतो, म्हणून चाकांकडे जाणारा जोर पूर्ण तुटत नाही.

तिसरा भाऊ म्हणजे ड्युअल क्लच, डीसीटी. यात एकाच डब्यात दोन अर्धे गिअरबॉक्स असतात. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा एका क्लचकडे. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्याकडे. एक शाफ्ट पोकळ असतो आणि दुसरा त्याच्या पोटातून जातो. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि फट उरतच नाही.

आता डीसीटी उघडून बाकावर मांडा. ग्रहमाला नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही. समांतर शाफ्ट आहेत, दातेरी जोड्या आहेत, सिंक्रोनायझर आहेत. वंशावळ काढली तर हा मॅन्युअलचा सख्खा भाऊ, फक्त त्याचा क्लच आणि लिव्हर यंत्राने चालतात. उलट ज्या आलिशान सेडानमध्ये अधिक-उणे खुणांचा लिव्हर पुढेमागे करून गिअर बदलता येतात, ती गाडी अंतर्बाह्य ऑटोमॅटिक असू शकते. हाताला मॅन्युअल वाटतं ते आतून ऑटोमॅटिक, आणि पायाला ऑटोमॅटिक वाटतं ते आतून मॅन्युअल. कन्व्हर्टर काढून त्या जागी तेलात बुडालेला क्लच बसवणारा आणि मागे ग्रहमाला तशीच ठेवणारा एक प्रकारही आहे. मर्सिडीज-एएमजीने २००८ मध्ये आणला. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं एकाच गाडीत बघायचं असेल तर पोर्शे ९११ घ्या. १९६७ मध्ये तिला ‘स्पोर्टोमॅटिक’ मिळाला. क्लच पेडल नाही, पण गिअर मात्र हातानेच टाकायचे. लिव्हरला नुसता हात लागला की आतला स्विच जागा होई आणि क्लच आपोआप सुटे. म्हणजे बोलता बोलता सवयीने लिव्हरवर हात ठेवायची सोय नाही. पेडल दोन म्हणून हा ऑटोमॅटिक म्हणावा, तर गिअर ठरवणारा चालकच. पुढे १९८० चं दशक संपताना ‘टिपट्रॉनिक’ आला. तो खराखुरा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, पण गिअर सुचवण्याची मुभा चालकाला. २००८ मध्ये ‘पीडीके’ आला, म्हणजे डीसीटी. तो पोर्शेने १९८० च्या दशकातच आपल्या रेसिंग गाड्यांवर घासूनपुसून पाहिला होता, आणि १९८६ मध्ये इटलीतल्या मोंझाला पोर्शेच्या ९६२ या रेसिंग गाडीने त्याच्या जोरावर शर्यतही जिंकली होती. मूळ कल्पना त्याहून जुनी: फ्रेंच अभियंता आडोल्फ केग्रेस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरच दोन क्लचांचा गिअरबॉक्स मांडला होता. तो नीट चालवू शकेल असं इलेक्ट्रॉनिक डोकं तेव्हा नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्यांत तो फोक्सवॅगन समूहाने २००३ मध्ये उतरवला.

आलिशान गाड्या ऑटोमॅटिकच्या वाटेला कधीच लागल्या होत्या, आणि त्यांचं कारण निराळं होतं. तिथे गाडीचा मालक बहुधा मागे बसलेला असतो. त्याला गिअर बदलल्याचं कळलं, तर तो दोष. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलसाठी ओल्डस्मोबिलमध्ये हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉइसने स्वतःचा तयार करत बसण्याऐवजी तोच उचलला. नंतर सिल्व्हर शॅडोतही जनरल मोटर्सचाच तीन गिअरांचा डबा होता. गंमत म्हणजे १९७६ मध्ये फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी, ‘४०० ऑटोमॅटिक’, काढली तेव्हा तिच्यातही तोच बसवला. बारा सिलिंडरचं इटालियन इंजिन आणि त्यामागे अमेरिकी सेडानचा गिअरबॉक्स. नाकं मुरडली गेलीच असणार, पण लांब प्रवासाला निघणाऱ्या चार आसनी गाडीला तो शोभतो असं माझं मत आहे. आलिशान गाडीच्या ऑटोमॅटिकचं टोक पाहायचं तर रोल्स-रॉइसची २०१३ ची रेथ: उपग्रहाकडून पुढच्या वळणाची आणि चढाची खबर घेऊन तिचा गिअरबॉक्स आधीच योग्य गिअर निवडून ठेवतो. तिथे पॅडल कुणी मागतही नाही.

स्पोर्ट्स कारनी क्लच सोडला तो आरामासाठी नाही, वेळेसाठी. १९८९ मध्ये फॉर्म्युला वनच्या ब्राझील ग्रां प्रीत फेरारी ६४० पहिल्यांदा उतरली, स्टिअरिंगमागच्या पॅडलांनी गिअर बदलणारी, रचनाकार जॉन बर्नार्ड यांच्या डोक्यातून आलेली. चाचण्यांत ती सारखी बंद पडायची, त्यामुळे शर्यत पुरी होईल यावरच कुणाचा भरवसा नव्हता. तिचे चालक नायजेल मॅन्सेल ती शर्यत जिंकले. १९९७ मध्ये तीच युक्ती फेरारीच्या एफ३५५ मधून रस्त्यावर आली. पण लक्षात ठेवा, तो डीसीटी नव्हता. नेहमीचाच मॅन्युअल डबा, एकच क्लच, आणि तो दाबायला हायड्रॉलिक हात. फट होतीच, फक्त लहान झाली. भरधाव वेगात त्याचा हिसका रांगडा आणि मजेचा वाटतो. रांगेत इंचाइंचाने सरकताना तोच हिसका नवशिक्या चालकाची आठवण करून देतो. या पिढीच्या गाड्यांमुळेच ‘पॅडलवाल्या गाड्या झटके मारतात’ हा समज रुजला आणि निर्दोष डीसीटीलाही तो चिकटला.

कुणी म्हणेल, खरी स्पोर्ट्स कार मॅन्युअलच असते. त्याला १९५३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट दाखवावी. पहिल्या वर्षी तिच्यात फक्त दोन गिअरांचा ऑटोमॅटिक होता. हाताचा गिअर १९५५ मध्ये मिळाला. आणि २०२० ची, इंजिन मधोमध घेतलेली कॉर्व्हेट पुन्हा क्लच पेडलशिवायच, यावेळी आठ गिअरांच्या डीसीटीसह.

आता आकड्यांकडे. ९९२ या सांकेतिक क्रमांकाच्या पिढीतली पहिली जीटी३, म्हणजे ९११ चं ट्रॅककडे झुकलेलं रूप, मॅन्युअल आणि पीडीके अशा दोन्ही प्रकारांत मिळाली, इंजिन एकच, ५१० अश्वशक्तीचं. पीडीके असलेली ० ते १०० ला ३.४ सेकंद घेते, सहा गिअरांची मॅन्युअल ३.९. अर्ध्या सेकंदाचा फरक ट्रॅकवर प्रचंड. पण मॅन्युअलचं वजन १४१८ किलो, पीडीकेचं १४३५. आणि सर्वोच्च वेग मॅन्युअलचा ३२०, पीडीकेचा ३१८. म्हणजे मॅन्युअल हलकी, साधी, आणि शेवटच्या गिअरमध्ये कुणापेक्षा कमी नाही. ती हरते ती फक्त बदलाच्या क्षणी.

दुसरीकडे बीएमडब्ल्यूची २०२१ ची एम३ बघा. मॅन्युअल घेतली तर ४८० अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन मीटर टॉर्क, ‘कॉम्पिटिशन’ ही ऑटोमॅटिक आवृत्ती घेतली तर ५१० आणि ६५०. टर्बो इंजिनांचा टॉर्क इतका वाढला आहे की तो पेलणारा क्लच माणसाच्या पायाला झेपेल इतपत हलका ठेवणं कठीण होत जातं. मॅन्युअल मागे पडण्यामागे आळस जितका, तितकंच हेही कारण.

याच बीएमडब्ल्यूने केलेली एक घरवापसी मला जास्त बोलकी वाटते. २०११ च्या एम५ मध्ये डीसीटी होता. २०१७ च्या एम५ मध्ये तो काढून पुन्हा टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ गिअरांचा ऑटोमॅटिक बसवला. नवे कन्व्हर्टर गाडी निघाली की लगेच लॉक होतात, तेलातली घसरण संपते, आणि गिअर इतके चटकन पडतात की डीसीटीची आघाडी जेमतेम उरते. हळू सरकणं, चढावर उलटं घेणं, वजन ओढणं या कामांत तेलाची मऊ जोडणी केव्हाही सरस. क्लच तिथे घासून तापतो. म्हणून ‘डीसीटी म्हणजे स्पोर्टी, कन्व्हर्टर म्हणजे सुस्त’ हे वाक्य आता शिळं झालं आहे.

मग हाताचा गिअर मागतो कोण? ज्याला घड्याळाशी देणंघेणं नाही तो. २०१३ ची जीटी३ पोर्शेने फक्त पीडीकेवर काढली. ती मॅन्युअलपेक्षा वेगवान होती, तरी चाहते रुसले. २०१६ मध्ये ९११ आर ही फक्त मॅन्युअलवर चालणारी गाडी ९९१ नगांत काढावी लागली, आणि तिच्यावर लोक असे तुटून पडले की २०१७ च्या जीटी३ मध्ये क्लच पेडल परत आलं. वळणाआधी ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या कडेने रेस देऊन खालचा गिअर अलगद बसवणं, हे जमलं की होणारा आनंद सेकंदात मोजता येत नाही. जमलं नाही की होणारा पाणउताराही.

या सगळ्या वर्गवारीची पुरती थट्टा करणारी गाडी म्हणजे २०२२ मध्ये दाखवलेली कोनिगसेग सीसी८५०. तिच्यात अनेक क्लचांचा नऊ गिअरांचा ऑटोमॅटिक आहे. ‘डी’मध्ये टाका, गिअर आपोआप बदलतात. पण तिला उघड्या धातूच्या खाचांतून फिरणारा लिव्हर आहे आणि तिसरं पेडलही आहे. लिव्हर धरला की नवांपैकी सहा गिअर तुमच्या हवाली होतात. लिव्हर आणि डबा यांच्यात दांडा नाही, फक्त तारा आणि संगणक. तरीही क्लच धसमुसळेपणाने सोडला तर इंजिन बंद पडतं. पडावं म्हणून कुणीतरी तशी मुद्दाम रचना केली आहे.