कटिंगच्या मालावर जुनी पिकअप उभी करणं : गोव्यातली पद्धत

बसलेली किंवा सडत चाललेली जुनी पिकअप दुसऱ्या भंगारातल्या गाडीचे पार्ट घालून परत रस्त्यावर आणायची, आणि आणताना कंपनीतून आली होती त्यापेक्षा जरा बरी करून घ्यायची, या उद्योगाला गोव्यात खास असं नाव नाही. लोक नुसतं ‘गाडी उभी केली’ म्हणतात. ज्या गाडीचे पार्ट निघतात तिला ‘डोनर’ म्हणणारे व्हिडिओ बघून शिकलेले, गॅरेजात ती ‘कटिंगची गाडी’ आणि तिच्यातून जे निघतं तो ‘कटिंगचा माल’. हे मुंबई-पुण्यातही चालतं, कुर्ल्याचा स्पेअर पार्टचा बाजार आणि पुण्याचा जुना बाजार त्यावरच उभे आहेत, पण गोव्यात एक फरक आहे. इथे इंजिन हा प्रश्नच नसतो, इंजिन मिळतं. पत्रा आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मिळत नाही, म्हणजे मिळते पण तीही आपल्यासारखीच गंजाने खाल्लेली असते.

गाड्यांची गोत्रं

कटिंगचा माल घेताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही, गोत्राचा. टाटाने 1988 मध्ये टाटामोबाइल 206 काढली आणि त्याच घडणीवर पुढे सिएरा (1991), इस्टेट (1992) आणि सुमो (1994) आल्या, म्हणून 206 उभी करायची तर पहिला शोध सुमोचा. टाटांच्या जुन्या आकड्यांत पहिला आकडा टनांच्या वर्गाचा आणि शेवटचा ढोबळमानाने अश्वशक्तीचा, दहाच्या पटीत (6 म्हणजे साठेक), 407 चं तेच. इंजिनाचा आकडा त्याहून कामाचा. 206 आणि सुमोच्या इंजिनावर 483 असतं, म्हणजे 4 सिलिंडर आणि 83 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90, हिशोब केला की 1948 सीसी येतात. पुढची 207 डीआय (डीआय म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं इंजिन) आणि सुमो स्पॅसिओ यांच्यात 497, म्हणजे 97 चा बोअर, 2956 सीसी. हा आकडा वाचता आला की भंगारवाला ‘सेमच आहे, बसतं’ म्हणतो तेव्हा हसता येतं.

महिंद्राचं गोत्र वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं. जुन्या जीप आणि पिकअपमध्ये प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल (90 चा बोअर, 83 चा स्ट्रोक), नंतर 2498 सीसीचं, आणि त्यांच्या बाजूलाच 2523 सीसीचं डीआय, जे पुढे बोलेरोत गेलं. कमांडर, मार्शल, आर्माडा, बोलेरो यांचे बरेच पार्ट एकमेकांत जातात पण ‘बरेच’ म्हणजे सगळे नव्हेत, बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणाऱ्या खोळीची) भोकं जुळत नाहीत हे गिअर बॉक्स खाली उतरवल्यावर कळलं तर अख्खा दिवस गेला समजायचं.

मासळी आणि मीठ

गोव्यात पिकअपचं आयुष्य ठरतं ते आधी तिने काय वाहिलं यावर. नारळ, काजू, केळी, चिरे वाहिलेली गाडी दिसायला ठेचलेली असते पण आतून जिवंत असते. मासळीची गाडी उलट. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवरून बर्फात मासळी भरली की वाटेत बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या (माल भरायच्या मागच्या भागाच्या) फळ्यांमधून थेंब थेंब चासीवर पडतं आणि हे वर्षानुवर्षं रोज. त्यावर साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा. चासीचा पत्रा वरून रंगवलेला छान दिसतो, कुजतो तो आतून, जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतात त्या फटीत, कारण तिथे गेलेलं पाणी वाळत नाही.

कुजायच्या ठरलेल्या जागा: मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या कमानींच्या) हँगरच्या वर, केबिनच्या माउंटिंगखाली, क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) चासीला मिळतो तिथे, आणि फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) बिजागरांच्या मागे. केबिनमध्ये पायाखालचं रबर उचलून बघायचं, विक्रेता नको म्हणाला तरी उचलायचं.

परीक्षा हातोडीची. छोटी बॉलपिन हातोडी घेऊन गाडीखाली झोपायचं आणि चासीवर पुढून मागे टकटक करत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, हातोडी उसळते. कुजलेला थप्प वाजतो, आणि कधी खपली पडून हातोडीचं टोक आतच जातं. माझी पहिली 206 मी अशी तपासलीच नव्हती, रंग बघून घेतली. डिचोलीच्या एका मेस्ताकडे नेली, तो खाली गेला, दोनदा ठोकलं आणि खालूनच म्हणाला, “पात्रांव, ही चासी न्हय, पापड.” (मेस्त म्हणजे मिस्त्री आणि पात्रांव म्हणजे मालक, दोन्ही पोर्तुगीजांकडून राहिलेले शब्द, आणि गॅरेजवाला पात्रांव म्हणाला की खिशाला हात लावून ठेवावा.)

खाणपट्ट्यातल्या मेस्तांकडे या कामाचा हात बरा असतो असं माझं मत. डिचोली, साखळी, उसगाव भागात टिपर वर्षानुवर्षं धावले, चासीला पट्टी मारणं, पाटे काढून परत वाक देऊन घेणं, लेथवर बुश काढणं ही तिथली रोजची कामं होती, आणि 2012 साली खाणी बंद पडल्यावर त्यातल्या बऱ्याच हातांना लहान गाड्यांकडे वळावं लागलं. पट्टी कशी मारतात यावरून मेस्त ओळखावा. चासीला सरळ उभी शिवण घालून पट्टी जोडली की वजन आलं की त्याच शिवणीवर तडा जातो, म्हणून पट्टीची टोकं तिरकी कापायची आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर वेल्डिंग टाळायचं. केबिनचा पातळ पत्रा कांडीच्या वेल्डिंगने जळून भोक पडतं, तिथे सीओटू गॅसचं वेल्डिंगच पाहिजे. आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, अल्टरनेटरची वायरसुद्धा, हे सांगूनही विसरतात.

घाटावरचा पत्रा

यावरून इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम: पार्ट कुठूनही आणा, पत्रा घाटावरून आणा. चोर्ला घाट चढून बेळगावात गेलं की हवा बदलते, तिथल्या ऑटो नगरात किंवा त्याहून आत कोरड्या मुलखात वापरलेल्या गाडीची केबिन, दारं, हौदा, फाळके हे किनाऱ्यावरच्या मालापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. वाहतुकीचा खर्च होतो म्हणून लोक इथलंच दार घेतात आणि दोन पावसाळ्यांत परत दार शोधतात.

अख्खी कटिंगची गाडी घ्यावी की सुटा माल, यावर वाद चालतो. माझ्या मते जागा असेल तर अख्खी घ्यावी. कारण पार्टपेक्षा पार्टाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी महाग पडतात: ब्रॅकेट, पुली, स्पेशल बोल्ट, होजचे तुकडे, वायरिंगचे कप्लर. हे सुटे कोणी विकत नाही आणि लेथवाल्याकडून बनवून घेतलं तर त्याच्या मर्जीने बसतं. नको असलेला माल नंतर विकला जातो, आणि अंगण तीन महिने भंगारवाल्यासारखं दिसतं, घरचे काय म्हणतात ते ज्याचं त्याने बघावं.

गाडी उभ्या उभ्या कशी तपासायची तेही जुन्या मंडळींकडून शिकण्यासारखं. गिअर बॉक्सचा ऑइलचा प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचे, काळपट असलं तरी चालेल, पण दूध घातलेल्या चहासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, बेअरिंग गेलेली असणारच. इंजिन चालू असेल तर ऑइल भरायचं झाकण काढून बघायचं, धूर भकाभक बाहेर फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरातला दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय, बोअर-पिस्टनचं काम निघणार, भाव त्या हिशोबाने बोलायचा. 483 ला सकाळी थंडगार असताना चालू करून दाखव म्हणावं, कारण प्री-चेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारं) इंजिन असल्याने त्याला हीटर प्लग लागतात आणि भंगारवाला आपण यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो.

मागच्या डिफरेन्शिअलचं (शाफ्टची फिरकी मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) प्रमाण प्लेट नसली तरी कळतं. गाडी न्यूट्रलला, मागची दोन्ही चाकं जॅकवर, प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण. एक चाक कोणी धरून ठेवायचं आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं, तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरला ते प्रमाण. सुमोचं डिफरेन्शिअल 206 ला लावताना हे मोजलं नाही तर गाडी चढाला रडते किंवा हायवेला किंचाळते, आणि स्पीडोमीटर खोटं बोलतो ते वेगळंच.

बरी करणं

सुधारणांत सगळ्यात जास्त समाधान पॉवर स्टीअरिंगचं. भरलेली 206 म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी वळवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. सुमोच्या पॉवरवाल्या मॉडेलमधून बॉक्स, पंप, पंपाचं ब्रॅकेट, जास्तीची खाच असलेली क्रँक पुली, तेलाची टाकी आणि दोन्ही होज असा अख्खा संच काढायचा. नुसता बॉक्स आणला तर बाकीचं शोधण्यात पावसाळा जातो. होज मात्र जुने लावू नयेत, नवे क्रिंप करून घ्यावेत.

त्याखालोखाल ब्रेक. मोठा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीतून घ्यायचे, पॅड-शू-रबर सगळं नवं. ब्रेकच्या बाबतीत कटिंगचा माल म्हणजे फक्त लोखंड, रबर कधीच नाही.

टर्बोचा मोह सगळ्यांना होतो. त्याच 1948 सीसीच्या ब्लॉकवर टर्बो लावलेलं सुमोचं इंजिन मिळतं आणि ते अख्खं, पंपासकट, रेडिएटरसकट बसवलं तर छान चालतं. पण जुन्या साध्या इंजिनाला सुटा टर्बो जोडणारे लोक आहेत, त्यांना डिझेल पंपाचं सेटिंग वेगळं लागतं, ऑइलची वेगळी लाइन लागते आणि उष्णता बाहेर काढावी लागते हे हेड उडल्यावर समजतं. पाटा वाढवणं, म्हणजे मागे एकेक जास्तीची कमान घालणं, हेही आवडीचं काम, रिकामी गाडी मग बैलगाडीसारखी उडते.

वायरिंगबद्दल एवढंच, की जुनी वायरिंग जोडत बसू नये. खाऱ्या हवेत तांब्याची तार आतून हिरवी-काळी होते, कव्हर चांगलं दिसतं आणि करंट जात नाही.

पाऊस आणि रंग

गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीच्या पिकअप नेमक्या याच 61 दिवसांत मोकळ्या होतात आणि सगळ्या एकदम गॅरेजला येतात. गंमत म्हणजे याच दिवसांत रंग मारता येत नाही. हवेतल्या दमटपणाने रंग पांढरट पडतो, आणि घासून उघडा केलेला पत्रा रात्रभरात परत तांबूस होतो. म्हणून जाणते लोक पावसात यांत्रिक काम, इंजिन, गिअर बॉक्स, वायरिंग उरकतात, पत्रा घासला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारून ठेवतात आणि शेवटचा रंग दिवाळीनंतर. पण बहुतेकांना गाडी चवथीच्या आधी पाहिजे असते, गणपती आणायचा असतो, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान आणायचं असतं, मग मेस्त तोंड वाकडं करून हॅलोजन लावून रंग मारतो आणि शिगम्यापर्यंत फोड येतात.

चासीला खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण बुश आणि रबर फुगून मऊ पडतात आणि त्या चिकट ऑइलवर लाल माती बसते. त्यापेक्षा पोकळ भागांत मेण फवारावं आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवावी, कित्येक पेंटर ती पुट्टीने बुजवून टाकतात.

कागद

दहा वर्षांनी डिझेल गाडी बाद हा दिल्लीकडचा नियम, तो इथे लागू नाही, पण मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, त्यालाच लोक पासिंग म्हणतात. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे परत ठासून सांगितलं. म्हणजे 206 मध्ये 497 बसवणं मेस्ताला जमतं, कागदाला जमत नाही. त्याच जातीचं इंजिन घालायचं तरी आधी आरटीओची परवानगी, कटिंगच्या गाडीचे कागद आणि इंजिन घेतल्याची पावती हातात पाहिजे, आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. पावती न देणाऱ्याकडून इंजिन घेऊच नये, चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात सडते. चासी नंबरला तर हातच लावायचा नाही, तो भाग कुजला असला तरी आधी आरटीओत विचारायचं, मग कटर.

नंबर असलेल्या जागेवर रंगाआधी ग्रीस लावून टेप मारायची असते आणि पेन्सिलने छाप घेऊन ठेवायचा असतो. मी टेप विसरलो. पेंटरने प्रामाणिकपणे तीन हात एपॉक्सी चढवली, आणि पासिंगच्या लाइनीत मागे सतरा गाड्या उभ्या असताना मी गाडीखाली दाढीच्या ब्लेडने नंबर खरवडत होतो, साहेब वर छत्री धरून उभे. नंबर सापडला, पासिंगही झालं. खरवडलेल्या त्या वीतभर जागेला नंतर रंग लावायचा राहूनच गेला, आणि अख्ख्या चासीवर गंजाचा पहिला ठिपका तिथेच आला.