अर्धा सेंट, अदपाव सेंट : सांता क्लारातल्या विक्रीकराची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात कॅलिफोर्निया राज्यातल्या सांता क्लारा काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) विक्रीकर पाच अष्टमांश सेंटने वाढवला. म्हणजे डॉलरमागे अर्धा सेंट आणि वर अदपाव. इथल्या करांचा हिशेब पावकी-निमकी पाठ असलेल्यांनाच झटकन जमतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘एवढं मत द्याच’ म्हणून गळ घालणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं : रुग्णालयं वाचवायची आहेत. पण मतपत्रिकेवर हा कर रुग्णालयांचा नव्हता, ‘सामान्य’ होता. हा शब्द तिथे का आला, हीच खरी गोष्ट आहे.

राज्याचा विक्रीकर १९३३ चा, स्थानिक वाटा १९५५ पासूनचा. सांता क्लारात बस-ट्रामसाठी अर्धा सेंट १९७६ मध्ये मंजूर झाला. दोनच वर्षांनी राज्यातल्या मतदारांनी घरपट्टीला एक टक्क्याची वेसण घातली आणि ठरावीक कामासाठीच्या ‘विशेष’ करांना दोनतृतीयांश मतांची अट लावली. घरपट्टीची वाट अडल्यावर गावोगावची नजर विक्रीकराकडे वळली, आणि ‘विशेष’ म्हणजे नेमकं काय यावर कोर्टकज्जे सुरू झाले.

नियम दिसायला सरळ आहे. पैसा कशावर खर्चणार हे करातच बांधून दिलं, तर तो विशेष. त्याला सुमारे ६७ टक्के मतं हवीत. पैसा सरकारी तिजोरीत सरमिसळ होणार असेल, तर तो सामान्य. त्याला निम्म्याहून एक मत जास्त पुरे. थोडक्यात, मतदाराला पक्का शब्द दिला की परीक्षा अवघड, मोघम राहिलं की सोपी. हे उफराटं आहे, पण कायदा आहे.

सांता क्लाराला याचा चटका १९९२ मध्ये बसला. रस्ते आणि रेल्वेसाठीच्या अर्ध्या सेंटला ५४ टक्के मतं मिळाली. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला : हा विशेष आहे, दोनतृतीयांश मतं कुठे आहेत?

मग १९९६ मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन ठराव आले. ‘ए’मध्ये रस्ते-रेल्वेच्या कामांची यादी होती, तो निव्वळ सल्ला, कुणावर बंधनकारक नाही. ‘बी’मध्ये नऊ वर्षांसाठी अर्ध्या सेंटचा सामान्य कर होता, त्यात कामांचं नावही नव्हतं. यादीला तीनचतुर्थांशाहून अधिक मतं पडली, कराला जेमतेम ५२ टक्के. विरोधक पुन्हा न्यायालयात गेले. सल्ला आणि कर वेगवेगळे आहेत म्हणून १९९८ मध्ये कर टिकला. कुणी याला चलाखी म्हणतं. माझ्या मते मतदारांना काय चाललंय ते नीट कळत होतं, आणि यादीतली बहुतेक कामं डोळ्यांसमोर उभी राहिली. तरी कायद्याने तो पैसा दुसरीकडे वळवता आला असता, हेही खरं.

पुढचे वाहतुकीचे कर उघडपणे विशेष म्हणून आले. २००० मध्ये ‘बार्ट’ ही प्रादेशिक रेल्वे काउंटीतल्या सॅन होजे शहरात आणण्यासाठी अर्धा सेंट ७० टक्क्यांनी मंजूर झाला. आधीचा नऊ वर्षांचा कर संपला तेव्हाच, एप्रिल २००६ मध्ये, तो लागू झाला. पावतीवर गिऱ्हाइकाला काही फरक दिसला नाही. २००८ मध्ये ती रेल्वे चालवण्यासाठी अदपाव सेंट मागितला गेला. हवी होती ६६.६७ टक्के मतं, मिळाली ६६.७८. २०१६ च्या अर्ध्या सेंटला सुमारे ७२ टक्के मतं पडली, पण दाव्यामुळे तो पैसा २०१९ पर्यंत अडकून राहिला.

काउंटीचा स्वतःचा अदपाव सेंट मात्र सामान्य कराच्या वाटेने गेला. २०१२ मध्ये तो दहा वर्षांसाठी होता. २०१८ मध्ये मतदारांनी मुदतच काढून टाकली. ‘तात्पुरता कर कधी जातो का?’ हा विरोधकांचा प्रश्न म्हणून बिनबुडाचा नाही.

२०२५ च्या जुलैत अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नव्या कायद्याने गरिबांच्या आरोग्यविम्याचा पैसा कापला. काउंटीकडे तेव्हा चार रुग्णालयं होती, चौथं त्याच वर्षी घेतलेलं. सामान्य कर एरवी काउंटीच्या नियमित निवडणुकीसोबतच ठेवावा लागतो. अपवाद एकच, काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने एकमताने आणीबाणी जाहीर करणं. तशी ती झाली. पाच वर्षांसाठीच्या कराला सुमारे ५७ टक्के मतं मिळाली. विशेष असता तर साफ पडला असता.

आपल्याकडची मंडळी विचारतात, किराण्यावर किती बोजा? तूरडाळ, तांदूळ, भाजी यांवर हा कर नाही. कुकर घेतलात तर आहे. ग्रीन कार्डवाल्यांना भरावा लागतो, मत मात्र देता येत नाही. पुण्यामुंबईत जकातीच्या वेळी किंवा एलबीटीच्या वेळी आपल्याला तरी कुणी विचारलं होतं!

सॅन होजे शहराचा स्वतःचा पाव सेंट २०१६ पासून आहेच. त्यामुळे तिथला दर आधी ९.३७५ टक्के होता. एप्रिल २०२६ पासून तो बरोब्बर १०. निदान तिथे तरी पावकी-निमकीची गरज उरली नाही.