शून्यापाशीही शिल्लक: फ्रस्ट्रेटेड चुंबकांच्या एन्ट्रॉपीची पार्श्वभूमी

या विषयाचे मूळ चुंबकात नाही, बर्फात आहे. १९३०च्या दशकात विल्यम जिऑक आणि सहकाऱ्यांनी बर्फाची विशिष्ट उष्मा (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) अतिशीत तापमानापर्यंत मोजली, पण एन्ट्रॉपीचा, म्हणजे शक्य मांडण्यांच्या संख्येच्या मापाचा, हिशेब जुळेना. निरपेक्ष शून्याकडे जातानाही काही शिल्लक राहत होती. लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये कारण दाखवले. प्रत्येक ऑक्सिजनच्या दोन हायड्रोजन जवळ आणि दोन लांब, हा नियम पाळूनही हायड्रोजनच्या असंख्य मांडण्या होतात. म्हणून दर रेणूमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.४०५ पट एन्ट्रॉपी उरते.

चुंबकांत हीच गोष्ट १९५० मध्ये ग्रेगरी वॅनियर यांना त्रिकोणी जालकावर, म्हणजे त्रिकोणांच्या नियमित जाळीवर, सापडली. शेजारचे स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) एकमेकांच्या उलट हवेत, अशी अट घातली की त्रिकोणातले दोन जुळतात, पण तिसरा कसाही वळवला तरी एकाशी बिनसतेच. शून्य तापमानालाही दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट, म्हणजे एकूण एन्ट्रॉपीच्या जवळजवळ निम्मी शिल्लक. (मूळ लेखातला आकडा चुकलेला होता; दुरुस्ती १९७३ मध्ये छापून आली.) कागोमे जालकावर, जिथे त्रिकोण फक्त कोपऱ्यांनी जोडलेले असतात, ती ०.५०२ भरते. सगळ्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी न जुळण्याच्या या कोंडीला ‘फ्रस्ट्रेशन’ हे नाव मात्र १९७७ मध्ये जेरार्ड तुलूझ यांच्यामुळे रूढ झाले.

हे सगळे स्पिन फक्त वर किंवा खाली बघणारे होते. क्वांटम स्पिन एवढ्यावर थांबत नाहीत. ते जोड्या जुळवून एकमेकांचे चुंबकत्व मिटवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ मध्ये एका साखळीसाठी हे अचूक गणिताने दाखवले. १९७३ मध्ये फिलिप अँडरसन यांनी त्रिकोणी जालकावर अशा जोड्या सतत बदलत राहतील, स्पिनचा जणू द्रव बनेल, असे सुचवले. त्या जालकापुरता अंदाज चुकला. शून्य तापमानाला तिथे स्पिन १२० अंशांच्या कोनात रचले जातात, हे पुढच्या गणनांनी दाखवले. पण तापमान किंचित वाढवले की फ्रस्ट्रेशन डोके वर काढते. एल्स्टनर, सिंग आणि यंग यांच्या १९९३च्या गणनेत, चौरस जालकाने बहुतेक एन्ट्रॉपी सोडलेली असते त्या तापमानालाही त्रिकोणी जालकाकडे ती भरपूर उरलेली दिसते. माझ्या मते या विषयाचा खरा धागा हाच आहे: स्पिनची ठरावीक रचना आहे की नाही यापेक्षा एन्ट्रॉपी कोणत्या तापमानाला सुटते, हा प्रश्न जास्त काही सांगून जातो.

प्रयोगांत तो धागा आर्थर रामिरेझ यांनी पकडला. आंतरक्रियेचे तापमान (स्पिनमधल्या ओढाताणीची ताकद केल्विनमध्ये) भागिले प्रत्यक्ष रचना होण्याचे तापमान, हा त्यांचा साधा गुणोत्तराचा मापदंड आजही वापरतात. दहापेक्षा बराच मोठा आला की फ्रस्ट्रेशन जबर. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह डिस्प्रोशियम टायटनेट या, बर्फासारखाच नियम पाळणाऱ्या चुंबकीय स्फटिकाची विशिष्ट उष्मा मोजली, तेव्हा उरलेली एन्ट्रॉपी थेट पॉलिंग यांच्या आकड्याजवळ आली. २००५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेल्या हर्बर्टस्मिथाइट या तांबे-जस्ताच्या कागोमे स्फटिकामध्ये आंतरक्रिया सुमारे १९० केल्विनची, तरी केल्विनच्या विसाव्या भागापर्यंत कसलीच रचना नाही. अडचण अशी की जस्ताच्या जागी शिरलेले तांब्याचे अणू नेमकी कमी तापमानाची विशिष्ट उष्मा गढूळ करतात.

गणनेची वाट त्याहून खडतर. यादृच्छिक नमुन्यांवर चालणारी क्वांटम मॉन्टे कार्लो पद्धत इथे चिन्हांच्या अडचणीने (धन आणि ऋण पदे एकमेकांना खोडतात) कोलमडते, आणि उच्च तापमानापासून सुरू होणाऱ्या गणिती श्रेणी थंडीत निकामी होतात. ४२ स्पिनच्या कागोमेला सुमारे ४.४ लाख कोटी अवस्था असतात. १९९४ मध्ये याक्लिच आणि प्रेलोव्शेक यांनी सगळ्या अवस्था न काढता यादृच्छिक सदिशांवरून सरासरी काढण्याची युक्ती शोधली. तिच्या जोरावर २०१८ मध्ये हे ४२ स्पिनही आटोक्यात आले. तरी सर्वांत थंड पट्ट्यात जालकाचा आकार बदलला की विशिष्ट उष्मेचा आलेख बदलतो, आणि कागोमेच्या उत्तेजनांना ऊर्जेची दरी (सर्वांत खालच्या अवस्थेतून वर जायला लागणारी किमान ऊर्जा) आहे की नाही, हा वाद नेमका त्याच पट्ट्यात अडला आहे.