बोल्टवरचा पिवळा रंग

डॅटसन 240झेडचं बॉनेट उघडलं की जाणकाराची नजर आधी बोल्टांवर जाते. ब्रेक बूस्टरचा गोल डबा, कार्ब्युरेटरच्या दांड्या, जागोजागचे बोल्ट आणि वायसर हे सगळं कारखान्यातून निघालं तेव्हा पिवळट सोनेरी होतं. उजेडात तिरकं धरलं की त्यावर हिरवी-गुलाबी झाक फिरायची, पावसाच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडल्यावर दिसते तशी. गाडी कितीही चकाचक रंगवलेली असो, बोल्ट पांढरे चमकत असतील तर ती उघडून पुन्हा जोडताना कुणीतरी बाजारातले बोल्ट ठोकलेत हे लगेच कळतं.

ही गाडी निसानने ऑक्टोबर 1969 मध्ये आणली. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड, अमेरिकेत निसानच्याच डॅटसन या नावाखाली 240झेड. लांब नाक, आत 2,393 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि किंमत युरोपच्या स्पोर्ट्स कारपेक्षा बरीच कमी. या पहिल्या पिढीच्या पाच लाखांवर गाड्या 1978 पर्यंत बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. आज तिथे आणि जपानमध्ये त्या एकेक करून पुन्हा उभ्या केल्या जातात आणि त्यात एक शब्द सतत कानावर येतो: पीरियड-करेक्ट. म्हणजे त्या काळाला धरून. हा शब्द ‘ओरिजिनल’पेक्षा थोडा सैल आहे. योकोहामाच्या वातानाबे कंपनीची आठ आऱ्यांची चाकं कारखान्यातून या गाडीला लागून येत नव्हती, पण तेव्हाची हौशी मंडळी ती बसवायची. म्हणून ती चालतात. काल-परवाच्या डिझाइनची चाकं चालत नाहीत.

आकार जुळवणं त्या मानाने सोपं. रसायन जुळवणं कठीण, आणि त्या पिवळ्या रंगात ते चांगलंच कळतं.

पोलादी बोल्टवर विजेच्या साहाय्याने जस्ताचा थर चढवतात, हेच प्लेटिंग. थर पाच-दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः गंजतं, त्यामुळे आतलं पोलाद वाचतं. पण हे जस्तही टिकायला हवं म्हणून बोल्ट काही सेकंद क्रोमेटच्या द्रावणात बुडवायचे. त्यातून जस्तावर क्रोमियमच्या संयुगांचा पापुद्रा बसतो. पिवळेपणा येतो तो त्यातल्या षट्संयुजी क्रोमियममुळे, म्हणजे क्रोमियमच्या एका रासायनिक रूपामुळे, आणि इंद्रधनुषी झाक येते ती पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळल्यामुळे. या पापुद्र्याची खरी करामत वेगळीच. पाना घसरून ओरखडा पडला तर हवेतल्या दमटपणात थोडं षट्संयुजी क्रोमियम विरघळतं, ओरखड्यापर्यंत पोचतं आणि उघडं पडलेलं जस्त पुन्हा झाकतं. जखमेवर खपली धरावी तसं.

आणि हेच क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली आहे. युरोपीय संघाने 2007 पासून नव्या गाड्यांत त्याला जवळपास बंदीच घातली आणि मग जगभरचे कारखाने त्रिसंयुजी क्रोमियम या त्याच्या दुसऱ्या रूपाकडे वळले. नव्या पापुद्र्याचा रंग मुळात निळसर पांढरा असतो. पिवळा हवा असेल तर त्यात वेगळा रंग मिसळतात. दिसायला जवळपास तोच, पण सरावलेल्या डोळ्याला फरक कळतो: झाक मेलेली असते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर ही फसवणूक मला मान्य आहे. एका बॉनेटखालच्या सौंदर्यासाठी टाकीवरच्या माणसाने विषारी वाफ हुंगावी एवढं त्या सौंदर्याचं मोल नाही.

प्लेटिंगचा दुसरा धोका डोळ्याला दिसतच नाही. जुना बोल्ट आधी आम्लात बुडवून गंज काढतात, मग विजेच्या टाकीत टाकतात. दोन्ही ठिकाणी हायड्रोजन तयार होतो आणि त्याचे अणू इतके लहान की पोलादात शिरतात. साध्या बोल्टला त्याचं काही नसतं. कडक पोलाद मात्र त्याने ठिसूळ होतं. असा बोल्ट घट्ट करताना काही होत नाही, आणि दोन दिवसांनी उभ्या गाडीत टक्कन तुटतो. उपाय म्हणजे प्लेटिंग झाल्याबरोबर बोल्ट दोनशे अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचे, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. कुठल्या बोल्टची जास्त काळजी घ्यायची हे डोक्यावरच्या आकड्यावरून ठरवता येतं. त्या काळच्या डॅटसनच्या बोल्टवर 4, 7, 9 असे अंक कोरलेले असत. आकडा मोठा तेवढं पोलाद ताकदवान, आणि तेवढाच हायड्रोजनचा धोका जास्त. म्हणून हे जुने बोल्ट कुणी फेकत नाही. पुड्या बांधून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवतात.

स्क्रूचं दुखणं आणखी निराळं. कार्ब्युरेटरच्या घुमटावरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखेच दिसतात, पण ते जपानी मानकाचे आहेत. खाचेचा उतार जरा वेगळा असल्याने फिलिप्सचं टोक तळाला नीट बसत नाही. जोर लावला की टोक वर उचललं जातं, घसरतं, आणि खाच गुळगुळीत. जपानी मानकाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला तर तोच स्क्रू मुकाट्याने निघतो. आपल्याकडे यामाहा आरएक्स 100 उघडणाऱ्यांनी हा अनुभव घेतला असेल. सुरुवातीच्या आरएक्सच्या जपानी भागांसाठी आपले हौशी लोक आजही चढे भाव मोजतात, तो याच वेडाचा धाकटा भाऊ.

आता गंज. 240झेडमध्ये एक ठरलेली जागा आहे: बॅटरीखालची ताटली. जुन्या बॅटऱ्या चार्ज होताना गंधकाम्लाचे बारीक तुषार बाहेर टाकत. ते ताटलीवर बसले, रंग खाल्ला, ताटलीला भोक पाडलं, आणि खालच्या पोकळ पेटीसारख्या चॅसिसमध्ये उतरले. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ धातूच्या कित्येक पट जागा मागतं, म्हणून जोडाचे पत्रे आतूनच फाकतात. बाहेरून रंग शाबूत, आत भुगा. इथे नवा पत्रा जोडण्यावाचून गत्यंतर नसतं. सुट्या भागांचा गंज मात्र घरी निघतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला. बुडबुडे येतात, गंज सैल होतो, दुसऱ्या दिवशी ब्रशने काळा गाळ निघून जातो. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र कधीच वापरू नये. त्यातलं क्रोमियम सुटून पाण्यात तेच षट्संयुजी विष तयार होतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्या जागी, विडी-काडीपासून लांब. आणि 9 आकड्याचा बोल्ट या टबात टाकलाच, तर भट्टीची पाळी पुन्हा आली.

धातूचं एक वेळ निभावतं. रबर आणि प्लॅस्टिक कुणाचंच ऐकत नाहीत. 240झेडचा डॅशबोर्ड म्हणजे फोमवर ताणलेली पीव्हीसीची कातडी. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलकट मऊकारक मिसळून ते लवचिक करतात. उन्हात तापलेल्या बंद गाडीत हे मऊकारक हळूहळू उडून जातं आणि काचेला आतून धूसर थर होऊन चिकटतं. तो पुसताना आपण खरं तर डॅशबोर्डच पुसत असतो. मऊपणा गेलेली कातडी आक्रसते आणि तडकते. सगळ्या 240झेडचे डॅशबोर्ड तडकलेले असतात म्हटलं तरी फार चुकणार नाही.

दाराच्या रबरी पट्ट्यांना ओझोन खातो. जुन्या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, ओझोन ते कापतो, आणि ताणलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. म्हणूनच ‘पन्नास वर्षं खोक्यात, एकदाही न वापरलेली’ अशी जाहिरात असलेली पट्टी घेऊ नये. वापर झाला नाही, वय मात्र झालं. हल्लीच्या ईपीडीएम रबरात मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, त्यामुळे ते टिकतं. आकार जुना, रबर नवं, ही तडजोड आता कंपन्याही करतात. माझ्दाने 1989 सालच्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी 2017 मध्ये दुरुस्तीची योजना जाहीर केली, तेव्हा ब्रिजस्टोनने जुन्या एसएफ325 टायरची नक्षी पुन्हा काढून दिली. आतली बांधणी मात्र आजची. 2020 पासून टोयोटाही जुन्या सुप्राचे आणि 2000जीटीचे काही भाग नव्याने बनवते आहे.

पेट्रोलच्या होसच्या बाबतीत तर मी म्हणेन, काळाला धरूच नका. जुनं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलात फुगतं, मऊ पडतं, झिरपतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. आपल्याकडे तर आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिळतं. आत फ्लोरोरबराचं, म्हणजे अशा पेट्रोलला दाद न देणाऱ्या रबराचं, अस्तर असलेली होस घ्या, वरून काळी दिसली की झालं.

कार्ब्युरेटरपाशी मात्र वाद मिटत नाही. सुरुवातीच्या गाड्यांना हिताचीचे दोन गोल घुमटाचे कार्ब्युरेटर होते. इंजिनाने हवा ओढली की घुमटातला दट्ट्या वर उचलला जातो, त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून, सरकते, आणि हवा वाढेल तसं पेट्रोल वाढतं. 1973 च्या अमेरिकी गाड्यांना धुराच्या नियमांसाठी सपाट माथ्याचे वेगळे कार्ब्युरेटर दिले. गरम झाले की ते रडायचे, म्हणून मालकांनी तेव्हाच ते काढून 1972 चे गोल घुमट चढवले. मग आज 1973 ची गाडी उभी करताना कुठले लावायचे? कारखान्याने दिलेले, की त्या काळच्या माणसाने वैतागून बसवलेले? मी गोल घुमट लावेन, आणि सपाट माथ्याचे फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवीन.

तसाच पेच मागच्या दाराचा. पहिल्या गाड्यांच्या मागच्या दारावर, काचेखाली, हवा बाहेर जायला दोन जाळ्या होत्या. धावत्या गाडीच्या पाठीशी हवेचा दाब कमी असतो, धूर तिथेच घुटमळतो, आणि त्याचा वास आत येत असल्याच्या तक्रारी होत्या. 1971 मध्ये निसानने जाळ्या तिथून काढून मागच्या खांबावरच्या गोल बिल्ल्यात नेल्या. आता जाळ्यावाल्या गाड्यांनाच भाव जास्त, म्हणून लोक त्या जिवापाड जपतात आणि धुराच्या वासासकट चालवतात.