केई कार : निर्यातीच्या मर्यादा

केई कार हा जपानमधील सर्वांत लहान मोटारींचा, कायद्याने आखून दिलेला वर्ग आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मोटारी याच वर्गातील असतात आणि होंडाची एन-बॉक्स तेथील विक्रीत अनेक वर्षे अग्रस्थानी राहिली आहे. तरीही ज्या मोटार-निर्यातीमुळे जपानचे नाव जगभर झाले, तीत नव्या केई गाड्या जवळजवळ आढळत नाहीत. याचे मूळ या गाड्यांना घडवणाऱ्या नियमांतच सापडते.

हा वर्ग १९४९ साली निर्माण झाला. युद्धोत्तर काळात सामान्य कुटुंबाला आणि छोट्या व्यावसायिकाला परवडेल असे वाहन मिळावे, हा त्यामागील हेतू होता. इंजिनाची कमाल मर्यादा पुढे ३६० सीसी, १९७६ मध्ये ५५० सीसी आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली. १९९८ पासून लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर या मर्यादा लागू आहेत. चारपेक्षा अधिक माणसे बसवता येत नाहीत. ६४ अश्वशक्तीची मर्यादा मात्र कायद्याची नाही. ती उत्पादकांनी आपसांत पाळलेली आहे.

या चौकटीत राहणाऱ्या गाडीला पिवळी नंबरप्लेट मिळते आणि तिच्यासोबत सवलतीही मिळतात. खासगी केई कारचा वार्षिक कर १०,८०० येन आहे, तर एक लिटरपर्यंतच्या साध्या मोटारीला २५,००० येन भरावे लागतात. द्रुतगती मार्गांवरील टोल सुमारे वीस टक्क्यांनी कमी असतो. साधी मोटार नोंदवताना ती उभी करण्याची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. केई कारला अनेक ग्रामीण भागांत त्यातून सूट आहे. अरुंद गल्ल्या आणि वाहनतळाची टंचाई लक्षात घेता ग्राहकाच्या दृष्टीने हे लाभ फार मोठे आहेत.

देशाची सीमा ओलांडताच हे सारे लाभ संपतात आणि गाडीच्या अंगी उरतात त्या केवळ मर्यादा. ६६० सीसीचे इंजिन शहरात पुरेसे असले, तरी लांबच्या महामार्गावर सतत वेगाने चालवताना त्याला बरेच ताणावे लागते. १.४८ मीटर रुंदीत दोन माणसे शेजारी बसवून दारांत आडव्या धडकेपासून संरक्षणाची जाडी राखणे कठीण असते, आणि हीच अडचण परदेशी सुरक्षा-चाचण्यांत पुढे येते. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी आराखडा बदलायचा, तेथील नियमांनुसार मान्यता घ्यायची आणि जहाजाचे भाडे भरायचे, एवढा खर्च कमी नफ्याच्या गाडीवर भरून निघणे अवघड असते. या तिन्हींपैकी खर्चाचे कारणच सर्वांत निर्णायक म्हणावे लागेल, कारण तांत्रिक अडचणींवर पैसा खर्चून मात करता येते.

म्हणून उत्पादकांनी परदेशात बहुधा केई गाडीची सुधारित आवृत्तीच नेली. भारतीय वाचकांच्या परिचयाचे उदाहरण मारुती ८०० हे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी सुझुकीच्या आल्टोवर आधारित होती. जपानमधील आल्टोचे इंजिन ५५० सीसीच्या मर्यादेत होते, तर भारतीय गाडीला ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन दिले गेले. वॅगन-आरच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढले. २०१९ साली भारतात आलेली वॅगन-आर १.६२ मीटर रुंद आणि ३.६५५ मीटर लांब आहे, म्हणजे नाव तेच राहिले तरी ती केई कार नाही. भारतात करसवलतीची रेषा २००६ पासून चार मीटर लांबीवर आहे. तिच्या कितीतरी आत राहणाऱ्या गाडीला अधिक काही मिळत नसल्याने, लांबी ३.४ मीटरवर थांबवण्याचे कारणच उरत नाही.

मूळ रूपात गाडी नेण्याचे काही प्रयत्न झाले. सुबारू ३६० ही १९६८ साली अमेरिकेत विक्रीस आली. वजन हजार पौंडांहून कमी असल्याने तिला तेथील संघीय सुरक्षा-नियमांतून सूट मिळाली होती, परंतु १९६९ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी ग्राहक-मासिकाने तिला अस्वीकारार्ह ठरवले. आज अमेरिकेत केई ट्रक दिसतात ते मुख्यतः पंचवीस वर्षे जुने झालेले, कारण तेवढ्या वयाच्या गाडीला आयातीसाठी संघीय सुरक्षा-मानकांची पूर्तता करावी लागत नाही. मात्र अनेक राज्ये ती रस्त्यावर नोंदवण्यास आडकाठी करतात. डावीकडून वाहतूक असलेल्या पाकिस्तान आणि श्रीलंकेत मात्र वापरलेल्या ६६० सीसी गाड्यांना चांगली मागणी असते.

हीच चौकट परदेशी कंपन्यांना जपानमध्ये शिरतानाही अडवते. प्रशांत महासागरी व्यापार कराराच्या वाटाघाटींच्या काळात अमेरिकी मोटार उद्योगाने केई सवलतींना अप्रत्यक्ष व्यापार-अडथळा म्हटले होते. चीनच्या बीवायडीने वेगळा मार्ग धरला असून, २०२५ च्या टोकियो प्रदर्शनात तिने केवळ जपानसाठी आखलेली राक्को ही विजेवरची केई कार मांडली.