बिलिंग सॉफ्टवेअरची पुस्तिका : दुकानदार ग्राहकांसाठी माहिती

दादर, लालबाग, मस्जिद बंदर भागातल्या दुकानांत आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो. आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच कारणाने येतात: सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत उत्तर सापडत नाही. यात दुकानदाराचा दोष नाही. पुस्तिका वाईट लिहिलेली असते.

त्यात लिहिलेलं असतं: ‘टॅक्स मास्टर (कराचे दर ठरवायचा पडदा) उघडा, योग्य दर निवडा, सेव्ह करा.’ योग्य दर कोणता, हाच तर प्रश्न असतो! २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर झाला; आधी ही मर्यादा १००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के. काउंटरवर गर्दी, आणि दुकानदार विचारतोय: एकाच मालाला किमतीप्रमाणे दोन दर कसे लावू? २७०० चा शर्ट सवलतीत २४०० ला दिला तर? दर बदलला की जुनी बिलंही बदलतील का? जुन्या बिलावरचा माल परत आला तर रक्कम वजा दाखवणारी क्रेडिट नोट कोणत्या दराने? (मूळ बिलावरच्या दराने.) आम्ही चाळलेल्या पुस्तिकांत यातलं काहीच नव्हतं. मेनूतल्या प्रत्येक बटणाचं वर्णन मात्र होतं.

बॅकअपचंही तेच. ‘रोज बॅकअप घ्या’ असं सगळे लिहितात. पावसाचं पाणी शिरून संगणक गेला, तर तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर कसा चढवायचा, हे फारसं कोणी लिहीत नाही. सॉफ्टवेअर आमच्याकडून घेतलेलं असो वा नसो, बॅकअप एकदा दुसऱ्या संगणकावर चढवून बघाच. चालू हिशोबावर चढवू नका, नव्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

आयबीएम या संगणक कंपनीत जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात माणसं संगणक कसा शिकतात याचा अभ्यास केला. पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही, हातातलं काम करायला जातात आणि अडतात, असं त्यांना दिसलं. म्हणून पानं कमी करून खरं काम आणि चूक झाल्यावरची वाट दाखवण्यावर त्यांनी भर दिला. आम्हाला ते पूर्ण पटतं.

आमच्या मराठी पुस्तिकेत म्हणून कामांची नावं आहेत: परत आलेला माल, उधारी जमा, अर्धंच छापलेलं बिल. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं आणि तसं दिसलं नाही तर काय करायचं, ते लिहिलंय. छापण्याआधी ते सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या माणसाला नुसतं पान देऊन काम करायला बसवतो. आम्ही मध्ये बोलत नाही. तो जिथे थांबतो, ते वाक्य पुन्हा लिहितो.

कोणाकडूनही सॉफ्टवेअर घेताना पैसे देण्याआधी ‘माल परत आला तर’ हे पान मागून वाचा.

आमच्या पुस्तिकेत अडलात तर पान क्रमांक आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो पाठवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की नवी पानं दुकानात पोचवतो. जुनी तेव्हाच काढून टाका.