प्लॅस्टरच्या छोट्या मूर्तींचे रंगकाम

प्लॅस्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतून केलेल्या बोटभर ते वीतभर उंचीच्या मूर्ती, बाहुल्या, प्राणी यांवर हाताने रंग चढवण्याचे काम. साहित्य थोडे लागते आणि वस्तू हातात मावते, म्हणून रंगकामाची सुरुवात अनेक जण इथूनच करतात. नवशिक्याचे काम फसते ते बहुधा हात थरथरल्यामुळे नव्हे, तर प्लॅस्टर पाणी पिते हे लक्षात न घेतल्यामुळे.

जिप्सम हे खनिज साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लॅस्टरची पावडर मिळते. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. पावडरीत पाणी घातले की सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून ती पुन्हा दगडासारखी होते. या क्रियेसाठी १०० ग्रॅम पावडरीला १९ ग्रॅमच्या आसपास पाणी पुरते. पण मिश्रण ओतता यावे म्हणून ६० ते ७० ग्रॅम घालावे लागते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे उरतात. मूर्तीची तहान ती हीच.

म्हणूनच घट्ट झालेली मूर्ती वाळलेली असतेच असे नाही. घट्ट व्हायला अर्धा तास पुरतो, वाळायला मात्र काही दिवस जातात. गालाला लावून गार लागली तर ओल अजून आत आहे. भट्टीत तापवून घाई करू नये. जास्त उष्णतेने जिप्सममधले पाणी पुन्हा निघू लागते आणि पृष्ठभाग पिठूळ होतो.

वाळल्यावर साच्याच्या सांध्याची रेघ बारीक सँडपेपरने घासून काढतात (तोंडाला मास्क हवा, धूळ फार बारीक असते), बुडबुड्यांचे खड्डे पातळ प्लॅस्टरने बुजवतात. त्यानंतर अस्तर. ही पायरी कधीही गाळू नये. कोऱ्या प्लॅस्टरवर रंग लावला की त्यातले पाणी क्षणात शोषले जाते, ब्रश अडखळतो आणि डाग पडतात. पांढरा प्रायमर किंवा पाणी घालून पातळ केलेला पांढरा डिंक यांचा एक हात दिला तरी काम सुधारते.

रंगांत ॲक्रिलिक सर्वांत सोयीचे: ते लवकर वाळतात आणि वाळल्यावर पाण्याने सुटत नाहीत. एका जाड थराने कोरीव तपशील बुजतो, त्यामुळे दोन-तीन पातळ हात द्यावेत. आधी मोठे भाग, मग कपड्यांचे काठ, केस, दागिने. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. चुण्यांत गडद, पातळ रंग भरून वरचा रंग वाळण्याआधीच ओल्या कापडाने पुसला की खोली उठून दिसते. उलट, जवळपास कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की घडी न् घडी दिसू लागते. या दोन युक्त्या साध्या आहेत. तरी सपाट रंगवलेली मूर्ती त्यांनीच जिवंत वाटू लागते, आणि पहिल्यांदा हे पाहण्याचा आनंद वेगळाच.

शेवटी मॅट वार्निश. तळ मात्र कोराच ठेवणे चांगले, म्हणजे आत राहिलेली ओल रंगाला फुगवण्याऐवजी खालून निघून जाते.